निरोगी तुकडा

"सापडलं!" मेघा एवढ्या जोरात ओरडली की हेमराजच्या हातातला चिमटा खाली पडला.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या पडद्यावर यकृताची एकच पेशी वावरासारखी ऐसपैस पसरली होती. केंद्रकाच्या कडेला सुरकुत्या पडलेल्या, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणिका फुगून फुटायला आलेल्या. कॅन्सरच्या गाठीला लागून असलेल्या पेशींत तिनं हे कितीदा पाहिलं होतं. पण तिथं गाठ आधीच झालेली असायची. तिला हवी होती त्याआधीची पेशी. बुरशी लागलेले शेंगदाणे खाणाऱ्यांचं यकृत नेमकं कुठून बिघडायला लागतं, हे शोधता शोधता वर्ध्याच्या या प्रयोगशाळेत तिची उमेदीची वर्षं सरली होती. आज ती सुरुवात समोर होती. तिला अक्षरशः नाचावंसं वाटलं.

"हेमराजभाऊ, हा तुकडा कोणाचा?"

पाहणाऱ्याला हे आधी सांगायचं नाही, असा तिथला नियम. सांगितलं की डोळे हवं तेच पाहतात. त्यामुळं तुकड्यांचे पातळ काप मायक्रोस्कोपमध्ये हेमराजच ठेवायचा. त्यानं पेटीकडं पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"मॅडम, हा निरोगी पेटीतला हाय."

"चुकून उचलला असेल तुम्ही."

"त्या पेटीत एकच तं तुकडा हाय, मॅडम."

तो एक तुकडा तिनंच मिळवला होता. तुलनेला निरोगी यकृत हवं, आणि धडधाकट माणूस आपलं यकृत कशाला कापू देईल? आईच्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा तिनंच आईला विचारलं होतं, त्याच वेळी तांदळाएवढा तुकडा घेऊ का म्हणून. आईनं, मीराबाईंनी, हसत सही केली होती.

हेमराजनं तिनं न सांगताच त्याच तुकड्याचा दुसरा काप लावला. तिथंही त्याच सुरकुत्या होत्या.

तिनं प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, सरांना फोन लावला. ते आधी हरखले, मग तिनं तुकडा कोणाचा ते सांगितलं.

"मेघा, याला निदान म्हणत नाहीत. आपण तुझ्या आईच्या तपासण्या करत राहू."

"पण सर, यावर उपचार काय?"

"अजून आपण फक्त पाहायला शिकलोय," सर म्हणाले.

ऑपरेशननंतरच्या तपासणीसाठी मीराबाई सकाळीच अल्लीपूरहून आल्या होत्या. बाहेर बाकावर बसून त्या शेंगा फोडत होत्या. लोकांच्या वावरातला भुईमूग निघाला की मातीत राहिलेल्या शेंगांचा सरवा वेचायचा, हे त्यांचं दर वर्षाचं काम. ओल्या शेंगा पोत्यात राहायच्या, बुरशी धरायच्या. टपोरे दाणे मेघाच्या डब्यात पडत होते. काळपट, आक्रसलेले दाणे त्या स्वतःच्या तोंडात टाकत होत्या.

मेघा दारातच थबकली. असे दाणे फेकून द्या, म्हणून ती गावोगावी सांगत फिरली होती. घरून डबा मात्र कायम निवडलेलाच यायचा. वाईट दाणे जातात कुठं, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. तिला स्वतःची शिसारी आली.

तिनं धावत जाऊन आईच्या हातातले दाणे ओढून घेतले.

"हे खाऊ नको, माय! फेकून दे."

"काऊन व? तुह्यासाठी चांगले काढले ना. हे मले चालते." मीराबाईंनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. "रडून राह्यली का? माहा तुकडा खराब निघाला का? कामाले नाई आला?"

मेघानं ते दाणे मुठीत घट्ट दाबले.

"आला, माय. लय कामाले आला."

मीराबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी लेकीची मूठ हलकेच उघडली आणि त्यातले काळे दाणे परत घेतले.

"मंग रडतं काऊन, येडी? अजून लागला तं घेजो."