शोकेसमधली जागा

अलिनाने दार उघडलं, चप्पल काढायच्या आधी दाराबाहेरच्या कोपऱ्यात पाहिलं आणि विचारलं, "अम्मी, इथला माझा बॉक्स कुठाय?"

फखरुन्निसा बाल्कनीत उकिडवी बसून सोडे खालीवर करत होती. हंगामाची कोलंबी, सोलून, मीठ लावून, चादरीवर पसरलेली. तिचा हात जिथल्या तिथे थांबला. इथे कुवेतच्या अब्बासियात दाराशी ठेवलेली वस्तू इमारतीच्या हारिसने, म्हणजे रखवालदाराने, उचलून कचऱ्यात न्यायची असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तो खोका कधीचा दाराशी पडून होता आणि आत नुसत्या सीड्या. आता सीड्या कोण ऐकतं? हारिसच्या हाती लागायच्या आत आपण त्या वाचवल्या, म्हणून बाई सकाळपासून स्वतःवरच खूश होती.

"हे काय, इथेच आहेत," ती म्हणाली आणि तिने वर बोट दाखवलं.

कपड्यांच्या दोरीवर सीड्यांची माळ झुलत होती. दापोलीला अंगणात सोडे घातले की कावळ्यांना भिववायला अशीच माळ बांधायची. इथे कावळे नसले तरी साळुंक्या त्यांच्या वरताण, पण आज एकीची छाती झाली नव्हती.

अलिना ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसली आणि हलक्या आवाजात सांगू लागली. 'पेल हार्बर' नावाचा इंग्लंडचा बँड आहे. त्यांचे सगळे अल्बम आहेत हे. शाळेत असल्यापासून दर ईदीला एक घेतलाय. लग्नात आई म्हणाली की हे भंगार फेक, तरी आणले. बेडरूमच्या कपाटात जागा नाही, म्हणून दाराशी ठेवले होते.

जागा नाही. परवा भिंतीपलीकडून फखरुन्निसाला हेच शब्द ऐकू आले होते. साल्मियाचा एक फ्लॅट बघू या, असं अलिना नवऱ्याला, साबीरला, म्हणत होती. सून महिन्याभरात वेगळी निघाली, असं गावात बोलतील, ते एक असो. पण ही पोर आता कुठे तिला आवडू लागली होती. रुमैथियाच्या क्लिनिकमधून थकून यायची, तरी माशाचं डोकं चवीनं चोखत बसायची. आणि आपण तिच्या ईदीच्या सीड्यांचं बुजगावणं केलं. करायला गेलो काय अन् झालं काय.

ती उठली. एकेक सीडी सोडवून तिने ओढणीच्या मऊ टोकाने पुसली. रिकामी कव्हरं तिने टाकली नव्हती, एवढी एक गोष्ट बरी झाली होती. मग पलंगाखालून नवऱ्याचा कव्वालीचा जुना प्लेअर ओढून काढला आणि त्यात पहिली सीडी घालून ती बटणं दाबत बसली.

प्लेअर घरघरला, गप्प झाला, पुन्हा घरघरला. अलिना उंबऱ्यावरून मान वळवून बघत होती. आणि मग एकदम गिटारी अशा काही कडाडल्या, की कठड्यावर नुकती टेकलेली साळुंकी थेट समोरच्या इमारतीवर गेली.

अलिनाला हसू आलं, पण तिने ते दाबलं. फखरुन्निसा मात्र मन लावून ऐकत होती. कव्वाली ऐकताना बसायची तशीच, डोळे मिटून.

"एवढा का रडतोय गं तो?"

"त्याची गर्लफ्रेंड त्याला सोडून दुसऱ्या शहरात राहायला गेलीये."

"मग रडणारच. घरातलं माणूस निघून गेलं की जीव तुटतो," फखरुन्निसा म्हणून गेली आणि तिने जीभ चावली.

अलिना तिच्याकडे बघत राहिली. मग तिने दोन खोल्यांमधल्या त्या पातळ भिंतीकडे पाहिलं. काय ते तिला समजलं असावं, कारण ती उठून सासूशेजारी, प्लेअरसमोर, मांडी घालून बसली. सीडीला कोलंबीचा वास येतोय म्हणाली, आणि या वेळी मोठ्यानं हसली.

तेवढ्यात साबीरचा कामावरून, अम्गऱ्याहून, फोन आला. साल्मियाचा एजंट वाट बघतोय, खाली तयार राहा, असं तो सांगत होता. फखरुन्निसाने प्लेअरचा आवाज कमी करायला हात पुढे केला. अलिनाने तो धरून ठेवला.

"आज नको," ती फोनवर म्हणाली. "अम्मी गाणी ऐकतेय."

नंतर दोघींनी मिळून हॉलमधली शोकेस उघडली. वरच्या फळीवर फखरुन्निसाच्या लग्नातला जपानी टी-सेट होता. पाहुण्यांसाठी म्हणून जपलेला. त्यात चहा पिण्याच्या लायकीचा पाहुणा काही अजून आला नव्हता. तिने बशा खाली घेतल्या, किटली खाली घेतली, कप एकीकडे सारले. अलिनाने वर्षांप्रमाणे अल्बम लावले. पहिल्यावर भिजलेला कुत्रा, दुसऱ्यावर रिकामी खुर्ची, मग नुसतं धुकं. बाल्कनीतल्या दोरीवर तिने साबीरच्या कॉम्प्युटर गेमच्या जुन्या सीड्या बांधल्या. त्याला विचारायची दोघींनाही गरज वाटली नाही.

फळी गच्च भरली. कडेला एकच कप उरला होता.

"जानेवारीत त्यांचा नवीन येतोय," अलिना अल्बम सरळ करत म्हणाली.

फखरुन्निसाने तो शेवटचा कप उचलला, विसळला आणि त्यात अलिनासाठी चहा ओतला.