विनोदिनीचे भाडेकरू

पाव विकणारा पोदेर सलग तिसऱ्या दिवशी विनोदिनीच्या फाटकापाशी थांबला नाही. भोंपू वाजवत त्याने सायकल पुढे काढली. रुक्मिणी पावांसाठी आणलेली पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

विनोदिनीच्या मागच्या खोलीत ती भाड्याने राहायची. यल्लापूरच्या रानातली, सिद्दी. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांची ही जमात. रंग आणि केस तिकडचे, भाषा कोकणी आणि देव्हाऱ्यात गणपती. गोव्यातल्या केरीच्या एका हॉटेलात ती चपात्या लाटायची. बसमध्ये शेजारची बाई उठून गेली की रुक्मिणी फोन कानाला लावून मोठमोठ्याने कोकणी बोलायला लागायची, पलीकडे कोणी नसलं तरी. कुंकूही हल्ली ती रुपयाएवढं लावायची.

शेजारच्या खोलीत बराका आणि एलिया राहत. दोघेही टांझानियाहून कॉलेजात शिकायला आलेले. बराकाने पहिल्याच दिवशी हसून 'सिस्टर' म्हटलं, तेव्हा तिने दार लावून घेतलं होतं. त्यानंतर ते समोरून आले की ती वाट बदलायची.

पंधरा दिवसांपूर्वी किनाऱ्यावर कुठल्याशा आफ्रिकन माणसाची मारामारी झाली. हे दोघे तेव्हा परीक्षेला बसले होते. तरी दुसऱ्या दिवशी वाड्याच्या तोंडावर, वस्तीत शिरतानाच, पाटी लागली : 'हबश्यांना खोली नाही.' दुकानदार सगुण त्यांना पाहिलं की सामान संपलं म्हणू लागला. रुक्मिणीलाही तेच. शुक्रवारी कोणीतरी पाण्याची नळी कापली. शनिवारी विहिरीवरचा दोर गेला.

"वयनी, त्यांका जावक सांगा," रुक्मिणी विनोदिनीला म्हणाली. "त्यांच्यापायी लोक माका खातत."

"खंय जातले ते? परीक्षा संपाक अजून म्हयनो आसा."

"ता माका सांगू नका."

विनोदिनी कापलेली नळी जोडायला बसली.

रविवारी सकाळी पंचवीस-तीस माणसं अंगणात आली. काहींच्या हातात दांडे होते. कोणी ओरडत नव्हतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. बराका-एलियाने दाराला आतून कडी घातली होती. सगळ्यांच्या पुढे गुरुदास होता. त्याला विचारल्याशिवाय वाड्यात पान हलत नसे.

त्याने रुक्मिणीकडे बोट केलं. "हीपण."

 रुक्मिणी आत धावली, आधार कार्ड घेऊन आली.

"मी हयचीच. यल्लापूरची. आमी सिद्दी."

गुरुदासने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "देव खंयचो तुमचो?"

"गणपती. नि आमची कुळाची देवी."

गर्दी सैल झाली. कोणीतरी हसलंसुद्धा. "मगे आधी सांगूचा नाय?" सगुण म्हणाला. "उद्यापासून ये गे दुकानात. काय व्हया ता न्हे."

"चूक झाली, बाय," गुरुदासने कार्ड परत दिलं. "तू आमचीच."

मग त्याने खिशातून एक कागद काढून उलगडला. 'खालील इसमांनी आजच्या आज वाडा सोडावा. न सोडल्यास होणाऱ्या परिणामांस ते स्वतः जबाबदार राहतील.' त्याखाली बराका आणि एलिया यांची नावं. आणखी खाली वाड्यातल्या लोकांच्या सह्या.

"शेजारीण म्हणून तुजी सही होयी. तुज्यासारखीनच सही केली काय आमका कोण नावां ठेवचो नाय. काळ्या-गोऱ्याचा भांडान न्हय, असा आमी सांगू."

त्याने पेन पुढे केलं. रुक्मिणीने ते घेतलं.

"रुक्मिणी," विनोदिनी पायरीवरून म्हणाली. एवढंच.

रुक्मिणीने तिच्याकडे पाहिलं नाही. "खंय करू?"

"हय. सगुणाच्या खाली." गुरुदासने बोट टेकवलं आणि मागे वळून माणसांना म्हणाला, "झाला. आता दार उघडूक सांगा तेंका."

दोघेजण दांडे घेऊन दाराकडे निघाले. आतून कोणीतरी खोकलं, मग लगेच शांत झालं. रुक्मिणीने कागद पायरीवर ठेवला. चौथीपर्यंत शिकलेली ती, एकेक अक्षर जपून काढत होती.

"सही करूक किती येळ गे?" म्हणत गुरुदास वाकला.

सगुणाच्या सहीखालची जागा कोरीच होती. वर, बराका आणि एलियाच्या नावांखाली, तिने तिसरं नाव लिहिलं होतं : रुक्मिणी सिद्दी.