खिळ्याला शेवटचं उत्तर

"आपण गाढव आहात."

प्रोग्रॅमरने हे मोठ्याने वाचलं. पलीकडच्या खुर्चीत तोंड वासून पडलेला पेशंट दचकला. "तुम्हाला नाही हो," दातांची डॉक्टरीण त्याला म्हणाली. "आतमध्ये माझा नवरा बसलाय. त्याला इंटरनेटवरून शिव्या येतात." आणि तिने मशीन पुन्हा चालू केलं.

वरच्या मजल्यावर घर होतं, पण तिथे नेट धड चालत नसे. म्हणून सुट्टीच्या दिवशी हा बायकोच्या दवाखान्यात, पडद्याआड टेबल टाकून बसायचा. त्याने शुद्धलेखन तपासणारा एक प्रोग्रॅम केला होता. ओपन सोर्स. म्हणजे फुकट तर फुकट, वर आतली सगळी रचना उघडी. कोणीही बघावं, चुका काढाव्यात, जमलं तर स्वतः दुरुस्त कराव्यात. नोकरी सांभाळून, सुट्ट्या जाळून त्याने हा प्रोग्रॅम पोटच्या पोरासारखा वाढवला. आणि लोकांनी काय दिलं? तक्रारी. कोणाच्या पत्राखाली 'कळावे'चं 'कावळे' झालं. कोणाला नेमणुकीचं पत्र गेलं, त्यात 'सोमवारी कामावर रडू व्हावे' असं होतं. तसं ते फारसं चूकही नव्हतं म्हणा.

पण बाकीचे परवडले. हात धुऊन मागे लागला होता तो एकटा 'खिळा'. हे त्याचं टोपणनाव, आणि वागणंही तसंच. रोज सकाळी टोचायला हजर. "आपली अक्कल कुठे चरायला गेली होती?" "आपल्याला साधा ऱ्हस्व-दीर्घ कळू नये?" "आपली लाज वाटते." बरं, शिवी द्यायची तीही 'आपण' लावून, अगदी अदबीने. त्या अदबीनेच प्रोग्रॅमरच्या अंगाची लाही व्हायची. सरळ 'अरे गाढवा' म्हटलं असतं तर एक वेळ चाललं असतं.

आधी त्याने नम्रपणे उत्तरं दिली. मग टोमणे मारले. मग महिनाभर तोंड फिरवून बसला. आज मात्र अती झालं. त्याने जाहीर उत्तर लिहायला घेतलं. फुकट घेता आणि वर नाकं मुरडता, तर घ्या, आजपासून प्रोग्रॅम बंद. संध्याकाळी सगळं काढून टाकतो. खिळेसाहेब, हिंमत असेल तर तोंडाने बोला, हा घ्या नंबर. स्वतःचा नंबर द्यायचा मात्र त्याला धीर झाला नाही. त्याने दवाखान्याचा दिला.

त्याने ते पाठवून दिलं. खरं सांगायचं तर त्याला बंद करायचंच नव्हतं. कोणीतरी 'नका हो करू' म्हणावं, एवढीच आशा होती. तो स्क्रीनवर डोळे लावून वाट बघत बसला. कोणी म्हणेना. दोघांनी तर अंगठा दाखवून पसंती कळवली.

दवाखान्याचा फोन वाजला. डॉक्टरणीने हातमोजा काढून उचलला आणि सवयीने विचारलं, कोणता दात दुखतोय. मग बराच वेळ नुसतं ऐकलं.

"तुझा खिळा आहे," ती पडद्याआड फोन देत म्हणाली. "बाई आहे."

बाई छापखानेवाली होती. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती, म्हणून ते नाव. रामराम नाही की काही नाही, तिने एकदम विचारलं की बंद का करताय. हाही उसळला. रोज उठून मला गाढव म्हणता आणि वर हे विचारता? तुम्हाला कधी म्हटलं, असं बाई म्हणाली. त्याने सकाळचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं.

"'आहोत' लिहिलं होतं मी," बाई म्हणाली. "पाठवण्याआधी आपल्याच प्रोग्रॅममधून तपासून घेतलं."

त्याने घाईघाईने रचना उघडली. हा ऑफिसात वाढलेला, पत्रव्यवहारातला माणूस. 'आपण' म्हणजे समोरची आदरणीय व्यक्ती, असा नियम त्याने स्वतःच्या हाताने घातला होता. 'आपण' दिसलं की पुढे 'आहात'. 'आहोत' असेल तर ते पाडून 'आहात'. त्याची कानशिलं तापली. मग तो खिळ्याचे जुने निरोप वाचत मागे मागे गेला. आपली अक्कल. आपल्याला कळू नये. आपली लाज. तिकडे बाई सांगतच होती. प्रोग्रॅममधली शब्दांची यादी कोणीही वाचून सुधारावी असं त्यानेच लिहून ठेवलं होतं ना? मग ती वाचत होती. 'कावळे' तिच्याच नजरेतून सुटले होते, आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नव्हतं.

"बाई," त्याने हळूच विचारलं, "'आपण' म्हणजे नक्की मी, की आपण?"

"आपण म्हणजे आपण. तुमच्याबद्दल बोलायचं असतं तर 'तुम्ही' म्हटलं असतं. मी काय भिते तुम्हाला?"

फोन ठेवल्यावर तो थोडा वेळ हसला, थोडा वेळ त्याने डोळे पुसले. पेशंटला काय वाटेल याची त्याने पर्वा केली नाही. बंदची घोषणा त्याने पुसून टाकली आणि तिच्या जागी, सगळ्यांसाठी, भरल्या मनाने लिहिलं, "आपलं चुकलं."

मिनिटभरात खाली पहिलं उत्तर आलं.

"आमचं? आमचं काय चुकलं?"