हिरव्या रेघा

तीन दिवस कुसुमताई मगदुमांना सगळीकडे हिरव्या रेघा दिसत होत्या. भिंतीवर, ताटात, नवऱ्याच्या चेहऱ्यावरही. त्यांचे डोळे बारा वर्षांपूर्वीच गेले होते. चष्म्यातला कॅमेरा जे टिपायचा, त्याचं चित्र कोपऱ्यातला कॉम्प्युटर जुळवायचा आणि कानामागच्या चकतीतून थेट मेंदूकडे धाडायचा. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, "आतली नस थकली, तर मात्र इलाज नाही." म्हणून रेघांबद्दल त्या कुणापाशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. पण आज सकाळी चहा कपाऐवजी ओट्यावर ओतला गेला, तेव्हा त्यांचे यजमान श्रीपतराव दुरुस्तीवाल्या रियाजला घेऊनच आले.

रियाजने कॉम्प्युटरला एक साधा मॉनिटर जोडला. कुसुमताई पदराचं टोक घट्ट धरून बसल्या होत्या.

"काकू, हिरव्या रेघा दिसतात ना? आडव्या, थरथरणाऱ्या?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मलाही दिसतायत की, ह्या काय पडद्यावर! कॉम्प्युटरमधलं चित्र जुळवणारं ग्राफिक्स कार्ड गेलंय तुमचं."

"म्हणजे माझी नस..."

"नसेला काय धाड भरलीय? आता दोन मिनिटं अंधार होईल हं, घाबरू नका."

अंधार झाला. कुसुमताई त्यात निवांत बसून राहिल्या. नवं कार्ड बसलं, कॉम्प्युटरचा पंखा घुमला आणि समोर श्रीपतराव लख्ख दिसले.

"अहो," त्या हसून म्हणाल्या, "केवढी दाढी वाढलीय! आधी करून या बघू."