जुईचं हाड

केतकीने सकाळपासून चौथ्यांदा टाकीच्या काचेला नाक लावलं. गेल्या आठवड्यापर्यंत पोवळ्याच्या फांदीवर त्यातल्या इवल्या जिवांचे तपकिरी तंतू डुलत होते. आज सगळे आत ओढलेले आणि फांदीचं टोक पांढरं पडलेलं. याच फांदीत, तिच्या चार वर्षांच्या लेकीच्या, जुईच्या पेशींवर, जुईच्या मांडीचं हाड वाढत होतं. गुरुवारी डॉक्टर ते तिच्या पायात बसवणार होते.

क्षार बरोबर, तापमान बरोबर, दिवाही बरोबर.

“नाना, टाकीत काही घातलंत का?”

“छे गं. पाणी उतरतं, तेवढं रोज भरतो,” सासरे म्हणाले.

“कॅनमधलं शुद्ध पाणीच ना?”

“ते मिळमिळीत? माझ्या तांब्यातलं घालतो. रात्रभर तांब्यात राहिलेलं पाणी, हाडांना चांगलं.”

“नाना, तांबं विष आहे हो पोवळ्यातल्या जिवांना!”

केतकीने टाकीतलं पाणी बदलायला घेतलं. राखून ठेवलेलं समुद्राचं पाणी आणलं, नळी लावली. नाना नळीचं दुसरं टोक धरून उभे राहिले.

दुपारी डॉक्टर फोनवर म्हणाले, “फांदीच्या बुडाशी जीव असेल तर पुन्हा वाढेल. पण आणखी वर्ष धरा.”

“म्हणजे मी गुरुवारनंतर पळणार नाही?” जुईने विचारलं.

नानांनी तिला कडेवर घेऊन काचेपाशी नेलं. दोघं बघत राहिली. बऱ्याच वेळाने जुई ओरडली, “आई, खाली एक तंतू बाहेर आलाय!”

केतकी धावली. नानांनी लेक तिच्या कडेवर दिली आणि तांब्या उचलून दाराबाहेर, चपलांशेजारी ठेवून आले.