थंडीची रंगीत तालीम

"हात वर कर उल्का, काखेत उसवलंय का बघू," आबा म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या अंगात दोन स्वेटर, डोक्याला माकडटोपी आणि नाकावरून घामाची धार.

निफाडची थंडी हाडं गोठवते, म्हणून दर ऑक्टोबरात या घरी तिची रंगीत तालीम व्हायची. ट्रंकेतलं सगळं भर उकाड्यात अंगात घालून तपासायचं, भोक दिसलं की आईनं रफू करायचं. मुलगी बघायला पाहुणे येणार, आज तरी तालीम नको, असं उल्का सकाळपासून विनवत होती. "ते पाचला येणारेत," म्हणून आबांनी विषय संपवला.

पाहुणे चारलाच आले. दार सताड उघडं. मुलगा उंबऱ्यातच थबकला. उल्काला हातमोज्यांतल्या हातांनी नमस्कारही धड जमेना. हेही स्थळ गेलं, असं वाटून रडू यायच्या ऐवजी तिला हसूच फुटलं.

मुलाचे वडील तडक आबांपाशी गेले आणि स्वेटरच्या कोपरावरच्या भोकात बोट घालून म्हणाले, "कसर लागलीय. आमची तालीम पुढच्या रविवारी आहे."

मुलाच्या आईनं उल्काच्या गळ्यातला मफलर नीट गुंडाळला. "तू तुझे स्वेटर घेऊनच ये."