मयुरीच्या आधी

शेजारची अमीरखाला इतक्या जोरात किंचाळली की ओट्याखालची शेळी दावं ताणून उभी राहिली. धम्मशीलानं मात्र टीव्हीचा आवाज आधीच कमी केला होता आणि तिचा हात परत शेंगांच्या सुपात गेलासुद्धा होता.

"मेली का वं ती मास्तरीण?" खालानं ओढणीआडून विचारलं.

"नाही मेली. भूत हाका मारून राह्यलं तिले."

"अन् तू शेंगा फोडून राह्यली! तुले भेव काऊन नाही लागत?"

"मी कामावर हाय, खाला. कामावर कायचं भेव?"

आणि ते खरंच काम होतं, बरं का! धम्मशीला लोणारला अंगणवाडी सेविका. तिथं खिचडी शिजली की आधी सेविकेनं चाखायची, जरा वेळ थांबायचं, मगच लेकरांना वाढायची. हाच नियम तिनं घरातही लावून टाकलेला. कार्टून असो, सिनेमा असो, आधी मम्मी बघणार, मग मयुरी.

आता मयुरी सोळा वर्षांची, अकरावीला, बुलढाण्याच्या हॉस्टेलात. तिचा बाप जाऊन चार वर्षं झालेली. पोरगी गेली आणि घर असं काही गप्प झालं की शेजारच्या कुकरच्या शिटीनंही धम्मशीला दचकायची. हॉस्टेलात संध्याकाळी सहाला फोन हातात मिळायचा.

"जेवली का दुपारी?"

"हाव."

"अभ्यास?"

"चालू हाय."

"बरं."

झालं, दोन मिनिटं. पुढची अख्खी संध्याकाळ धम्मशीला एकच ताट घासत बसायची.

दिवाळीची सुट्टी संपवून मयुरी परत गेली आणि त्याच आठवड्यात तिनं फोनवर विचारलं, "मम्मी, 'सातवी पायरी' पाहू का? साऱ्या पोरी पाहून राह्यल्या."

'सातवी पायरी' म्हणजे ती भुताची मालिका! गावात पायऱ्यांची विहीर, दर अमावस्येला शाळेतलं एक लेकरू गायब, आणि कोण नेतं ते कोणालाच माहीत नाही; ते शोधायला निघालेली एक मास्तरीण. दहा भाग.

"थांब. आधी मी पाहीन, मग सांगीन."

"बरं. पण शेवट सांगायचा नाही हं! बाकी सारं सांग."

धम्मशीलानं अंगणवाडीचं एक जुनं रजिस्टर काढलं. लेकरांची वजनं लिहायच्या रकान्यांवर नवी नावं टाकली. भूत किती, रक्त किती, शिव्या किती. शेवटी शेरा.

आणि मग काय सांगू! सहाचा फोन अर्ध्या अर्ध्या तासाचा व्हायला लागला. एकेका भागावर तीन-तीन दिवस चर्चा.

"तिसऱ्यात रक्त लय हाय. पण रंगाचं वाटते."

"अन् भूत?"

"भूत गरीब हाय बिचारं. विहिरीत एकटंच राह्यते. कोणी बोलाले नाही, म्हणून हाका मारते."

"मम्मी! तुले भुताची दया येऊन राह्यली?"

"येते. मग?"

मयुरी खो खो हसली. मग बोलता बोलता अचानक म्हणाली, केमिस्ट्रीत नापास झाली तेव्हा ती बाथरूममधे नळ सोडून रडली होती. आपल्याच तोंडून सांगितलं तिनं हे. दोन मिनिटांच्या फोनात ते कधी आलं असतं का?

तर आज दहावा भाग. खाला पहिल्यापासून सोबतीला होतीच. शेवटची नावं पडद्यावर सरकायला लागली तशी तिनं ओढणी खाली घेतली.

"हुश्श! चल, आता निकाल दे पोरीले."

"दिला की संपलं, खाला," धम्मशीला टरफलं गोळा करत म्हणाली. "उद्यापासून परत जेवली का, हाव, बरं."

बाहेर स्टँडकडं वळणाऱ्या एसटीनं हॉर्न दिला. धम्मशीलानं उगीचच दाराकडं पाहिलं.

"रजिस्टर दाखव तं," खाला म्हणाली. "माह्या किंचाळ्या लिहिल्या का नाही त्यात?"

धम्मशीला नको नको म्हणेपर्यंत तिनं ते ओढलंच. चष्मा लावला. पान बघितलं, परत बघितलं.

"अवं, दहाही भागांपुढं एकच तारीख! दिवाळीच्या सुट्टीनंतरचा रविवार!" तिनं खालचा शेरा बोट फिरवत वाचला. "'भीती आहे, पण गोष्ट चांगली. मयुरीने बघण्यास हरकत नाही.' काय वं हे? तू तं महिन्याआधीच..."

फोन वाजला. धम्मशीलानं रजिस्टर मिटून मांडीखाली सारलं.

"काय ठरलं, मम्मी?"

धम्मशीलानं खालाकडं पाहिलं. खाला शेंगदाणे निवडायला लागली.

"नाही ठरलं अजून. तो दहावा माह्या डोक्यावरून गेला. परत पाहावा लागते."

पलीकडे नुसता पोरींचा गलका ऐकू येत राहिला.

"पाह्य ना मग. सावकाश पाह्य, मले घाई नाही," मयुरी म्हणाली. "अन् सारा नको लावू. शेवटी मास्तरीण त्या भुताचा हात धरून पायऱ्या चढते ना, तिथून लाव."